एमआरआय ‘ठीक’ आहे, मग बाबा घरचा रस्ता का चुकले?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ७२ वर्षांचे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात चाळीसेक वर्षं जॉबर (मागांची देखभाल करणारे) होते. लहानपणापासून घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि विजापूरकडच्या व्यापाऱ्यांशी कामापुरतं कानडी. दीड वर्षापासून तोच तोच प्रश्न विचारतात. गेल्या महिन्यात अशोक चौकातून घरी यायला निघाले आणि दोन तासांनी बाळीवेशीत सापडले. एमआरआय काढला तर रिपोर्टात ‘वयोमानानुसार मेंदूचा किंचित आकस, पांढऱ्या भागात तुरळक ठिपके’ एवढंच. पुण्यात एका डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूतलं ‘नेटवर्क’ तुटतंय. तेव्हापासून मुंबईचे एक नातेवाईक मागे लागले आहेत की नेटवर्क दाखवणारा खास स्कॅन करून घ्या. तुमचे प्रश्न तीन: फोटो ठीक असताना माणूस असा कसा होतो, तो स्कॅन करायचा का, आणि बाबा हल्ली तेलुगूतच बोलायला लागलेत, घरात आता मराठीच चालते, तर त्यांना मराठीत बोलायला लावायचं का.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात तुमचे पैसे अडकले आहेत. तो स्कॅन करू नका. का करायचा नाही हे कळायला मात्र पहिल्या प्रश्नात शिरावं लागेल.

तुमच्याकडे जो एमआरआय आहे तो मेंदूची बांधणी दाखवतो. गाठ आहे का, रक्तस्राव झालाय का, झटका येऊन गेलाय का, कुठला भाग सुकलाय का. रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर स्टेशनच्या इमारती उभ्या आहेत का, एवढं तो सांगतो. गाड्या धावतात का, वेळेवर येतात का, कुर्डुवाडीला बदलायची गाडी मिळते की सुटते, हे इमारतीच्या फोटोत दिसणार नाही. डिमेन्शियाची, म्हणजे स्मृती आणि विचार ढासळवणाऱ्या आजारांची, सुरुवात पुष्कळदा इथेच होते. इमारत पडायच्या कितीतरी आधी वेळापत्रक कोलमडतं.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, पण एकटी पेशी काहीच करत नाही. ‘काल संध्याकाळी मोठी मुलगी येऊन गेली’ एवढी साधी आठवण सुद्धा एका जागी ठेवलेली नसते. तिचा चेहरा एका भागात, आवाज दुसऱ्यात, ‘काल’ हा काळाचा धागा तिसऱ्यात. कानाच्या आतल्या बाजूला खोल असलेला हिप्पोकॅम्पस हे सगळं एकत्र बांधतो आणि पुढे पाठवतो. पाठवायच्या तारा म्हणजे मेंदूचा पांढरा भाग. एकमेकांपासून लांबचे भाग एका लयीत काम करतात तेव्हा त्याला आम्ही जाळं किंवा नेटवर्क म्हणतो.

ही लय मोजता येते हे कळून फार काळ झालेला नाही. १९९५ साली अमेरिकेत मिलवॉकीला भारत बिस्वाल या भारतीय वंशाच्या संशोधकाने एक विचित्र गोष्ट पाहिली. माणूस स्कॅनरमध्ये काहीही न करता पडलेला असताना डाव्या हाताचा मेंदूतला भाग आणि उजव्या हाताचा भाग यांतल्या रक्ताच्या प्राणवायूचे चढउतार बरोबरीने होत होते. फार संथ चढउतार, एक लाट यायला दहा सेकंदांहून जास्त. तोवर मंडळी याला यंत्राचा गोंगाट समजून बाजूला काढत होती, आणि त्यानंतरही बरीच वर्षं पुष्कळांनी तेच म्हटलं. मग २००१ मध्ये सेंट लुईसच्या मार्कस रेकल यांच्या गटाने दाखवलं की काही भाग माणूस काम करत नसतानाच जास्त जागे असतात. कपाळामागचा मधला भाग, डोक्याच्या मागच्या बाजूला खोल असलेला पोस्टिरिअर सिंग्युलेट, कानाच्या वरमागचा थोडा भाग. याला डिफॉल्ट मोड नेटवर्क असं नाव पडलं. मराठीत मी रुग्णांच्या घरच्यांना ‘ओट्यावरचं जाळं’ म्हणतो. जेवण झाल्यावर बाबा ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत असतात ना, तेव्हा मेंदू बंद नसतो. जुनं आठवणं, उद्याचं ठरवणं, ‘मी कोण, माझं काय चाललंय’ याची जुळवाजुळव करणं, हे सगळं तेव्हा चालू असतं. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के आणि खर्च वीस टक्के, त्यातला मोठा वाटा या बसल्या जागेच्या उलाढालीचा.

अल्झायमर या डिमेन्शियाच्या नेहमीच्या प्रकारात नेमकं हेच जाळं आधी सैल होतं. २००४ मध्ये स्टॅनफर्डच्या मायकेल ग्रायशियस यांनी अल्झायमरचे रुग्ण आणि त्याच वयाची निरोगी माणसं यांची तुलना केली, तेव्हा रुग्णांत या जाळ्याची हालचाल कमी आणि हिप्पोकॅम्पस त्याच्यापासून तुटलेला दिसला. पुढे अमायलॉइड या प्रथिनाचे डाग कुठे साचतात याचे नकाशे आले, तेही बरेचसे याच जाळ्यावर बसत होते.

असं का, याचा विचार करताना मला नेहमी कुर्डुवाडी आठवते. पाकणीला गाडी थांबली नाही तर पाकणीकरांची गैरसोय होते, बाकी कोणाचं काही अडत नाही. पण कुर्डुवाडी बंद पडली तर सोलापूरहून रेल्वेने ना बार्शीला जाता येईल ना पंढरपूरला, आणि पुण्या-मुंबईची मुख्य लाईनही अडकेल. मेंदूतही अशी जंक्शनं आहेत. पोस्टिरिअर सिंग्युलेट हे त्यांतलं मोठं. तिथून सगळ्यांची ये-जा, त्यामुळे काम अहोरात्र आणि इंधनही भरपूर. चेतापेशींची उलाढाल जास्त तिथे अमायलॉइड जास्त सुटतं, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. म्हणजे जंक्शन महत्त्वाचं आहे म्हणून झिजतं, आणि झिजल्यावर नुकसानही सगळ्या लाईनींचं करतं.

दुसरं प्रथिन टाऊ. त्याचा प्रवास उलट्या टोकाकडून होतो. ब्राक दांपत्याने १९९१ मध्ये मृत मेंदूंची पाहणी करून दाखवलं की टाऊचे गुंते हिप्पोकॅम्पसच्या वेशीवरच्या एका लहानशा पट्ट्यात सुरू होतात आणि ठरावीक क्रमाने पसरत जातात. आता आपल्याला माहीत आहे की हा प्रसार नुसत्या शेजारपणाने होत नाही, बराचसा जोडणीच्या वाटेने होतो. जो भाग तारेने जोडलेला, त्याला तो लांब असला तरी आधी बाधा होऊ शकते. रोग आपल्याच रुळांवरून प्रवास करतो.

तुमच्या बाबांचं ‘तोच प्रश्न पुन्हा’ यावरून समजून घ्या. ‘आज वीजबिल भरलं का?’ विचारलं, तुम्ही ‘भरलं’ म्हणालात. त्यांनी ऐकलं, समजलं, मानही हलवली. म्हणजे ऐकण्याचं स्टेशन ठीक, भाषेचंही ठीक. पण ते उत्तर बांधून पुढे पाठवणारी गाडी निघालीच नाही. वीस मिनिटांनी ओट्यावर बसल्यावर बिलाची काळजी परत उगवते आणि तिला उत्तर सापडत नाही. ‘अहो, आत्ताच सांगितलं ना!’ असं आपण त्रासून म्हणतो, ते त्यांच्या दृष्टीने खोटं असतं. रस्ता चुकण्याचंही तसंच. अशोक चौक त्यांना ओळखू येतो, घर ओळखू येतं. ‘मी इथे आहे, घर त्या अंगाला’ हा मधला हिशोब करणारा भाग त्याच जंक्शनच्या शेजारी आहे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती ऐकून घरचे गोंधळतात. सुरुवातीच्या काळात काही जोडण्या कमी न होता वाढलेल्या दिसतात. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक निघते, नेहमीचे रस्ते बंद होतात, आणि आतल्या गल्लीबोळांतून एरवी नसते एवढी वर्दळ होते. कोणी नवखा बघेल तर म्हणेल, काय जोरात शहर चाललंय! स्मृती नुकती घसरायला लागलेल्यांचा हिप्पोकॅम्पस काही आठवताना गरजेपेक्षा जास्त पेटलेला दिसतो. बरीच वर्षं आम्ही म्हणत होतो की ही मेंदूची भरपाई आहे, चांगलंच लक्षण. मग २०१२ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या एका छोट्या अभ्यासात फिटवरचं लेव्हेटिरासेटम हे औषध अगदी थोड्या मात्रेत देऊन ही पेट कमी केली, तर त्या कसोटीपुरती स्मरणशक्ती सुधारली. म्हणजे ती सगळी भरपाई नव्हती, निदान काही भाग बिघाडाचाच होता. (कृपया हे वाचून ती गोळी सुरू करू नका. चिडचिड वाढवण्यात ती पटाईत आहे.)

पांढऱ्या भागातले ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांच्या कुरबुरीच्या खुणा. तुरळक असतील तर सत्तरीत ते बहुतेकांना सापडतात, बाबांचा विसराळूपणा तेवढ्याने समजावता येत नाही. दाट असते, एकमेकांत मिसळलेले असते, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तारांचेच तुकडे पडलेले असतात आणि चित्रही निराळं दिसतं. माणूस विसरण्याआधी संथ होतो, विचारलेल्याचं उत्तर देतो पण उशिरा देतो, पावलं बारीक पडतात, लघवीची घाई होते. सोलापुरात वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं बीपी, साखर आणि तंबाखू हे त्रिकूट मी रोज बघतो, त्यामुळे हा प्रकारही भरपूर. हा आणि अल्झायमर असे दोन्ही रोग एकाच डोक्यात असणं हे तर नेहमीचंच.

आता ज्या मुद्द्यासाठी मी एवढं लिहितोय तो. प्रत्येक डिमेन्शिया आपापलं जाळं निवडतो. २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विल्यम सीली यांनी पाच वेगवेगळ्या प्रकारांत मेंदू कुठे सुकतो हे पाहिलं, तर ते पाच नमुने निरोगी माणसाच्या पाच जाळ्यांवर जवळजवळ तंतोतंत बसले. म्हणून माणूस काय चुकतो हे नीट पाहिलं तर कुठलं जाळं गेलंय हे बऱ्याच अंशी कळतं, तेही स्कॅनरशिवाय.

एक उदाहरण देतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. नवी पेठेतले एक कापड दुकानदार, वय ५८. मुलांनी आणलं ते जवळजवळ फरफटतच. तक्रार: “डॉक्टर, अण्णा निर्लज्ज झालेत बघा की.” गाड्यावरची केळी उचलून न विचारता खायची. कोणाच्या तरी मयतीत चुटके सांगितले. बायको पडून हात मोडला तर “चहा कोण करणार?” एवढंच विचारलं. रोज गोड, गोड आणि गोड. घरच्यांना वाटत होतं की बाहेर काही भानगड आहे, कोणी करणी म्हणत होतं. मी त्यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. सुरेख काढलं, काटे बरोबर. लक्षात ठेवायला दिलेले तीन शब्द पाच मिनिटांनी तिन्ही सांगितले. गाळ्याचं भाडं, जीएसटीचा दर, सगळं पाठ. विसराळूपणा शोधणाऱ्या डॉक्टरने यांना ‘ठणठणीत’ म्हणून घरी पाठवलं असतं, आणि आधी एकाने पाठवलंही होतं. हा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. यात जातं ते सेलियन्स नेटवर्क, म्हणजे इन्सुलाचा पुढचा भाग आणि अँटिरिअर सिंग्युलेट. आत्ता, या क्षणी, आपल्यासाठी काय महत्त्वाचं आहे हे ठरवणारं जाळं. समोरच्याचं रडणं, लोकांच्या नजरा, आपल्या पोटात होणारी कालवाकालव, यांचं वजन तिथे ठरतं. ते गेलं की मयत आणि बारसं सारखंच. गंमत म्हणजे (शब्द बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) अशा रुग्णांत ओट्यावरचं जाळं उलट जास्त घट्ट झालेलं आढळतं, आणि अल्झायमरमध्ये ओट्यावरचं सैल, सेलियन्सचं घट्ट. म्हणूनच अल्झायमरचे कित्येक रुग्ण नाव विसरतात पण घरातलं वातावरण तापलंय हे तुमच्याआधी ओळखतात. तुमच्या बाबांचंही तसंच असणार. दारामागे कुजबुजलात तरी त्यांना ते लागतं.

लेवी बॉडी डिमेन्शियाचा प्रकार तिसराच. सकाळी माणूस छान, पेपर वाचतो, दुपारी तासभर कुठेतरी हरवलेला, संध्याकाळी पुन्हा बरा. अंगणात न असलेली मुलं बसलेली दिसतात, बहुधा शांतपणे. झोपेत लाथा झाडतो. लक्ष सांभाळणारी आणि डोळ्यांनी दिसलेल्याचा अर्थ लावणारी जाळी इथे अधूनमधून सुटतात. हा ओळखणं जिवावरचं असू शकतं. भास होतात म्हणून कोणी हॅलोपेरिडॉल दिलं तर असा रुग्ण लाकडासारखा कडक होऊन अंथरुणाला खिळू शकतो, कधी जिवावरही बेततं. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही, पण बाबांना कधी काही ‘दिसायला’ लागलं तर हे ध्यानात ठेवा.

आता त्या स्कॅनकडे. याला रेस्टिंग स्टेट फंक्शनल एमआरआय म्हणतात. तंत्र खरं आहे, वर सांगितलेलं बरंचसं त्यातूनच कळलं. अडचण अशी की त्यातले निष्कर्ष गटांचे आहेत. पन्नास रुग्ण आणि पन्नास निरोगी यांची सरासरी काढली की फरक दिसतो. एका माणसाचा स्कॅन हातात घेऊन ‘याला आहे’ किंवा ‘याला नाही’ म्हणायला तो आज पुरत नाही. डोकं एखाद्या मिलिमीटरने हललं तरी खोट्या जोडण्या उमटतात, आणि ७२ वर्षांच्या घाबरलेल्या माणसाला त्या ढणढण नळीत दहा मिनिटं दगडासारखं पडायला सांगणं म्हणजे काय ते तुम्ही एकदा पाहिलंच आहे. डुलकी लागली तर जाळ्यांचं चित्र बदलतं. मशीन बदललं, हिशोबाची पद्धत बदलली की आकडे बदलतात. कोणत्याही प्रमुख मार्गदर्शक सूचनांत डिमेन्शियाच्या निदानासाठी हा स्कॅन नेहमीची तपासणी म्हणून सांगितलेला नाही.

हे जरा चिडून लिहितोय, कारण दोन वर्षांपूर्वी एक कुटुंब असाच रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आलं. परगावच्या एका खासगी केंद्रातून आणलेला, गुळगुळीत कागद, लाल-निळे मेंदू, आठ पानं. ‘जोडणीत लक्षणीय घट’. मुलगा ती पानं मला एकेक करून दाखवत होता, आई खुर्चीत फिक्कट चेहऱ्याने बसलेली. जीभ बघितली, लालबुंद आणि गुळगुळीत. पायाच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क ठेवला, कंपन कळेना. एवढा खर्च झाला होता आणि बी-१२ जीवनसत्त्व कोणी तपासलंच नव्हतं. ते फारच कमी निघालं. इंजेक्शनांवर त्या बऱ्याच सावरल्या. सगळेच असे सावरत नाहीत, आणि बी-१२ कमी असणाऱ्याला अल्झायमरही असू शकतो. पण क्रम चुकला की काय होतं त्याचं हे उदाहरण.

तेव्हा तुमचा क्रम असा ठेवा. बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, किडनी-लिव्हर, हिमोग्लोबिन. कान तपासून घ्या, कारखान्यात चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे कान बहुधा गेलेले असतात, आणि ऐकू न येणं हे डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांपैकी एक मानलं जातं. मन उदास आहे का हे विचारा. घोरतात का बघा. आणि सगळ्या गोळ्या, चालू-बंद सगळ्या, एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता. मेंदूत लक्ष आणि स्मृतीची जाळी जागी ठेवणारं एक रसायन आहे, ॲसिटिलकोलिन. अल्झायमरमध्ये ते आधीच आटत असतं. सर्दीच्या साध्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी दिलेलं ॲमिट्रिप्टिलिन, लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन ही मंडळी उरलंसुरलंही अडवतात. नुसती सर्दीची गोळी बंद करून माणूस आठ दिवसांत जागेवर आलेला मी पाहिला आहे.

एमआरआयची सीडी मात्र टाकू नका. रिपोर्टात ‘किंचित आकस’ लिहिलंय, पण हिप्पोकॅम्पस वेगळा मोजलाय का हे मला बघायचं असतं, त्यासाठी उभ्या छेदाची चित्रं लागतात. त्यातून शंका उरली तर साखरेचा पेट (PET) स्कॅन, म्हणजे मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते दाखवणारा, किंवा पाठीतल्या पाण्यातल्या प्रथिनांची तपासणी हे पर्याय आहेत, ते एकेका रुग्णासाठी खरोखर उपयोगी पडतात. पण उत्तराने उपचार बदलणार असेल तरच.

औषधांबद्दल दोन ओळी. डोनेपेझिल आणि रिव्हास्टिग्मिन हे त्याच ॲसिटिलकोलिनला थोडा टेकू देतात. तुटलेली तार सांधत नाहीत. काहींना सहा महिने-वर्षभर फायदा जाणवतो, काहींना मळमळ आणि मंद नाडी एवढंच मिळतं. सुरू करण्याआधी ईसीजी काढा. अमायलॉइड धुऊन काढणारी लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही नवी इंजेक्शनं अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये मंजूर झाली. त्यांनी घसरण थोडी मंदावते, थांबत नाही. मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो म्हणून वारंवार एमआरआय लागतात. तुमच्या जागी मी त्यांच्यामागे आत्ता धावलो नसतो.

तुटलेल्याचं एवढं बोललो, आता शाबूत काय राहतं ते. माझ्या टेबलाच्या खणात सुताचा एक कोन पडलेला असतो. सोलापुरात प्रॅक्टिस करायची तर तो स्टेथोस्कोपइतका कामाचा. बाबांसारखेच एक विणकर, आजार बराच पुढे गेलेला. तीन शब्दांतला एकही आठवला नाही, साल सांगता आलं नाही, घड्याळ काढायला सांगितलं तर सगळे आकडे उजव्या बाजूला कोंबले आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत बसले, शाळेत चुकलेल्या पोरासारखे. मी सूत तोडून दोन टोकं त्यांच्या हातात दिली. काही बोललो नाही. त्यांनी टोकं अंगठ्यावर एकावर एक धरली, एक फेरा, टोक आत, ओढलं. तीन सेकंद सुद्धा लागले नसतील. मग गाठ दोन बोटांत धरून ओढून बघितली आणि माझ्या हातात परत दिली. त्या गाठीचं जाळं वेगळं आहे, मेंदूच्या पोटातल्या गाभ्यातून आणि लहान मेंदूतून जाणारं. अल्झायमर तिथे फार उशिरा पोचतो. बाबांना घरात काम द्यायचं असेल तर हातांचं द्या. शेंगा फोडणं, चादरीच्या दशा सोडवणं, टॉवेलच्या घड्या. शब्दकोडी नकोत, ती त्यांची परीक्षा होते.

राहिलं तेलुगू. मराठीत बोलायला लावू नका. लहानपणी शिकलेली भाषा सगळ्यात खोल रुजलेली असते. नंतर शिकलेली वापरताना मेंदूला पहिली सतत दाबून ठेवावी लागते, आणि दाबून ठेवणारं जाळं कपाळामागचं. ते थकलं की पहिली भाषा वर येते. हा हट्ट नाही, तो त्यांचा विसावा आहे. आणि या तीन भाषांचे तुमच्या बाबांवर उपकारच असण्याची शक्यता आहे. हैदराबादला सुवर्णा अल्लादी यांच्या गटाने ६४८ डिमेन्शिया रुग्ण अभ्यासले. २०१३ मध्ये त्यांनी मांडलं की एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा आली, आणि हे शाळेत न गेलेल्यांतही दिसलं. इटलीत २०१७ मध्ये ८५ अल्झायमर रुग्णांच्या पेट स्कॅनमध्ये आढळलं की द्विभाषिकांचा मेंदू जास्त झिजलेला असूनही जाळ्यांची जोडणी जास्त टिकून होती. सगळे अभ्यास एकाच बाजूने बोलत नाहीत, भाषा शिकवून डिमेन्शिया टळतो असं कोणी म्हणू नये. तरी रोज सकाळी तेलुगूत उठून, मराठीत सूत आणून, कानडीत सौदा करणाऱ्या या शहराकडे मी त्या नजरेने बघतो खरा.

तेव्हा भाषा बाबांनी बदलायची नाही, तुम्ही बदलायची. सूनबाई आणि नातवंडांनी दहा शब्द शिकले तरी पुष्कळ. नीळ्ळु म्हणजे पाणी. अन्नम म्हणजे भात. आणि नोप्पी म्हणजे दुखतंय. हा शब्द आधी शिका. दाढ दुखत असली, लघवी तुंबली असली तरी या आजारात माणूस ते सांगत नाही, नुसता येरझारा घालतो किंवा अंगावर ओरडतो, आणि घरचे झोपेची गोळी मागायला माझ्याकडे येतात.